घरातल्या बाळांसाठी काय विणताय?

आठनंबरी · ४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. या थंडीत आमच्याकडे दोन बाळं येणार आहेत. एक नागपूरला भाच्याकडे, डिसेंबरच्या मध्याला. दुसरं डब्लिनला माझ्या पुतणीकडे, मार्चमध्ये. मी नाशिकची. घरात विणणाऱ्या दोघीच, मी आणि आई. आई ८१ वर्षांची आहे आणि नागपूरचं बाळ हे तिचं पहिलं पणतवंड. सोन्याची फुलं उधळायची तयारी भावानं आधीच केली आहे, पण आईला स्वतःच्या हातचं काहीतरी द्यायचंय.

अडचण डोळ्यांची आहे. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला पडद्याचं दुखणं. जाळीची वीण सोडाच, साधा उलट टाकाही तिला आता नीट दिसत नाही. चार ओळी होतात, एक टाका सुटतो, घसरत खाली जातो आणि ती सगळं उसवते. मागच्या आठवड्यात एकच टोपडं तिनं तीनदा उसवलं. मग सुया माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "तूच कर गं, माझं राहू दे."

मला ते राहू द्यायचं नाहीये. म्हणून हा चर्चेचा धागा.

आजवर घरातल्या सात बाळांसाठी विणलं, त्यातून मला कळलेलं सांगते. नवजात मापात टोपड्याशिवाय दुसरं काही विणू नका. महिन्याभरात बाळ त्यातून बाहेर येतं. बाळ कधी जन्मणार यापेक्षा थंडी पडेल तेव्हा ते किती महिन्यांचं असेल, ते बोटांवर मोजा. मे महिन्यातल्या बाळाला नोव्हेंबरात सहा महिने होतात, मग स्वेटर सहा ते बारा महिन्यांचाच हवा. आणि स्वेटर समोरून उघडाच हवा. मान न धरणाऱ्या बाळाच्या डोक्यातून काहीही घालताना बाळंतीण घाबरते. बाळाचं डोकं शरीराच्या मानानं केवढं मोठं असतं! एकावर एक येणारे दोन पदर आणि बाजूला बंद, जुन्या बाळबंडीसारखं, हे सगळ्यात सोयीचं.

आता विचारायचं ते असं. आईला काय विणायला देऊ? डब्लिनला पाठवायचं तर लोकर कोणती घेऊ? आणि तुम्ही दिलेल्या कोणत्या वस्तू खरोखर वापरल्या गेल्या?

---

रानमोगरी · ४ ऑक्टोबर

आठनंबरी, आईंना टोपडं देऊच नका. त्यांना चौकोन द्या.

माझ्या सासूबाईंचं असंच होतं. त्यांना मी फक्त सुलट टाक्यांचे चौकोन विणायला दिले. जाताना सुलट, येताना सुलट, दुसरं काही नाही. ८ नंबरच्या सुया, जरा जाड लोकर, ४० टाके. साधारण १८ सेंटिमीटरचा चौकोन होतो. असे १६ झाले की चार-चार जोडायचे, ७२ सेंटिमीटरचं दुपटं तयार.

यातली मोठी सोय म्हणजे मोजावं लागत नाही. दोन्हीकडून सुलट विणलं की दर दोन ओळींना एक उंचवटा उठतो. जितके टाके, तितके उंचवटे झाले की चौकोन पुरा. तेही मोजायचे नसतील तर खालचा कोपरा उचलून तिरका दुमडायचा. कडेला कड लागली की टाके बंद. सासूबाई हे डोळे मिटून करायच्या.

लोकर फिकट घ्या, लिंबोणी किंवा मोतिया. गडद रंगात टाका दिसत नाही. सुया मात्र गडद हव्यात. आणि मांडीवर गडद रंगाचा टॉवेल पसरा, फिकट टाके त्यावर उठून दिसतात.

---

खांबमुकाखांब · ५ ऑक्टोबर

मी क्रोशावाली. वरच्याला भर घालते. सुटलेला टाका घसरतो हे दुखणं दोन सुयांचं आहे. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे काम कुठेही टाकून उठलं तरी बिघडत नाही. आईंना क्रोशा येत असेल तर नुसत्या मुक्या खांबांचं, म्हणजे बुटक्या घट्ट टाक्यांचं, काम बोटांनी चाचपूनही होतं. येत नसेल तर मात्र या वयात नवं शिकवू नका, हाताला जे माहीत आहे तेच बरं.

लहान बाळासाठी क्रोशाचं पांघरूण करताना मोठाल्या जाळ्या टाळा. खांबांच्या मधल्या भोकात बाळाची बोटं जातात आणि अडकतात.

---

पाचगणी_वळण · ५ ऑक्टोबर

डब्लिनच्या लोकरीबद्दल मी सांगू शकते. मी अकरा वर्षं स्कॉटलंडमध्ये आहे.

इथल्या घरांत हीटर चालू असतो. घरात बाळाला जाड स्वेटर लागत नाही. लागतो तो बाहेर पडताना, आणि तेव्हाही वर जाड कोट असतोच. म्हणून पातळ, ४ प्लायचं विणा. जाड लोकरीचा स्वेटर कोटाच्या बाहीत कोंबला जात नाही, मग तो कपाटातच राहतो.

दुसरं, धुणं. माझ्या मुलीच्या वेळी आत्यानं खऱ्या लोकरीचा सेट पाठवला होता. इतका मऊ की मी तो दोन दिवस उशाशी घेऊन झोपले. तिसऱ्या दिवशी बाळानं दूध ओकलं आणि माझ्या नवऱ्यानं बाकीच्या कपड्यांबरोबर तोही मशीनमध्ये टाकला. बाहेर आला तेव्हा बाहुलीला बसेल एवढा झाला होता, आणि जाड, नमद्यासारखा. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. आत्याला ते मी अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे एकतर मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनो घ्या, पट्टीवर सुपरवॉश लिहिलेलं असतं. नाहीतर सरळ चांगलं बेबी अॅक्रिलिक. फरक असा की लोकर घाम आणि ओल शोषून घेते, स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास, तरी हाताला ओली लागत नाही. अॅक्रिलिक जवळजवळ काहीच शोषत नाही, बाळ आत घामेजतं.

आणि सेटमध्ये एक चिठ्ठी ठेवा. कशी धुवायची, कशी वाळवायची. चांगल्या अक्षरात, दोन ओळी. माझ्या आत्यानं तेवढं केलं असतं तर तो सेट आज माझ्या भाचीच्या बाळाच्या अंगात असता.

---

तुळशीबागेपलीकडे · ५ ऑक्टोबर

आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिकच असतं. आपण दोघांनाही लोकरच म्हणतो, म्हणून गोंधळ होतो. सुट्या लडीवर पट्टी नसेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून मोरीवर जाळून बघा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटानं चुरते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक काळा मणी होतो.

याच कारणानं शेक-शेगडी करणाऱ्या घरात मी अॅक्रिलिकचं देत नाही. बाळाला धुरी देताना निखारे जवळ असतात. तिथे सुती.

---

ओंजळभर · ६ ऑक्टोबर

मी थोडं वेगळं लिहिते. कोणाला दुखवायचं नाही.

नणंदेच्या मुलीच्या बारशाला मी पांढरा झगा विणला होता. ऐंशी-नव्वद तास गेले असतील. सगळा जाळीचा, खाली शंखांची किनार, गळ्याला साटीनची फीत. बारशाला सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, बाळाला पाच मिनिटं घातला, फोटो काढला. तीन वर्षांनी नणंदेकडे कपाट आवरायला मदत करत होते तेव्हा तो प्लास्टिकच्या पिशवीत डांबरगोळ्यांसकट सापडला. घड्यांवर पिवळ्या रेघा पडल्या होत्या.

रात्री खूप रडले. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, चूक नणंदेची नव्हती. ती दोन महिने एकटी होती, मदतीला कोणी नाही. हातानं धुवायचा, सपाट वाळवायचा, इस्त्री न लावायचा झगा ती केव्हा घालणार? मी तिच्यासाठी विणलंच नव्हतं. बारशाला जमणाऱ्या बायकांसाठी विणलं होतं.

त्यानंतर मी फक्त टोपडी आणि दुपटी करते. धाकट्या भाच्याचं दुपटं आता चार वर्षांचं आहे, त्याला दोन ठिकाणी रफू केलंय आणि ते शाळेच्या दप्तरातून जातं.

---

रानमोगरी · ६ ऑक्टोबर

ओंजळभर, वाचून जीव हलला. पण जपून ठेवलेलं सगळंच वाया जातं असं मला वाटत नाही. माझ्या आजीनं केलेली कुंची आमच्याकडे आहे. लोकरीची नाही, खणाची, आत मऊ मलमल. एकेका बाळाला ती एकदाच, बारशाला घालतात. चार पिढ्यांत तेवीस बाळांनी घातली. तिला रोज घातलं असतं तर ती उरलीच नसती. विणतानाच ठरवावं, रोजचं की एका दिवसाचं. आणि देताना तसं सांगावं.

---

एनआयसीयू_सिस्टर · ७ ऑक्टोबर

नवजात अतिदक्षता विभागात मी २२ वर्षं काम केलंय. हा धागा वाचून राहवलं नाही.

हात-पायमोजे विणणाऱ्या सगळ्यांनी एक गोष्ट मनावर घ्या. मोजा उलटा करून आत बघा. दोन रंगांची नक्षी असेल तर आतून धाग्यांचे लोंबते फास असतात. बाळाचं बोट त्यात अडकतं, बाळ पाय हलवत राहतं आणि फास आवळतो. रक्त थांबतं. आमच्याकडे अशी बाळं आलेली आहेत. कधी मोज्याचा सुटा धागा, कधी आईचाच गळलेला केस. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तर मोजे काढून प्रत्येक बोट बघा. बाळाच्या मोज्यात नक्षी करूच नका, एकरंगी विणा.

टोपड्याला गळ्याखाली बांधायची लांब नाडी नको. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांना डोक्याशी आणि गळ्याशी नाडी लावायची परवानगीच नाही. आपणही सोडून द्यावी. बॉर्डर लवचीक विणली की टोपडं नाडीशिवाय बसतं. गोंडे, मणी, चिकटवलेले डोळे नकोत. बटण लावाल तर ते लावून झाल्यावर पूर्ण जोर लावून ओढून बघा.

आणि दुपटं. फार सुंदर भेट, पण पहिल्या वर्षात बाळ एकटं झोपलेलं असताना अंगावर सैल पांघरूण नको, ते तोंडावर येतं. घरात झोपताना टोपडंही काढा. मोठी माणसं रागावतात, मला ठाऊक आहे. पण बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यावाटे बाहेर टाकतं. दुपटं मांडीवर, गाडीत, अंगाखाली, पोटावर पालथं घालून खेळवायला वापरा.

ज्यांना घराबाहेरच्या बाळांसाठीही विणायचंय त्यांच्यासाठी: दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना टोपडी खरंच लागतात. त्यांना आईच्या छातीशी उघड्या अंगानं धरतात, १९७८ साली बोगोटामध्ये सुरू झालेली ही कांगारू पद्धत, आणि तेव्हा बाळाच्या अंगावर टोपडं, लंगोट, मोजे एवढंच असतं. २०१३ पासून डेन्मार्कमधून क्रोशाचे ऑक्टोपस करायची लाट आली, बाळ त्याच्या पायांना नाळेसारखं धरून ठेवतं म्हणून. माझं मत विचाराल तर टोपडी करा. पण काहीही करण्याआधी त्या रुग्णालयात विचारा. सूत कोणतं चालेल, किती गरम पाण्यात धुतात, हे त्यांचं ठरलेलं असतं.

---

आठनंबरी · ७ ऑक्टोबर

सिस्टर, तुमची पोस्ट मी आईला मोठ्यानं वाचून दाखवली. मोज्यांचं ऐकून ती उठली आणि पेटीतून माझ्या धाकट्या भावाचे मोजे काढून आणले. दोन रंगांचे, तिनंच विणलेले. आत बोट घालून बघितलं तर चार फास लोंबत होते. बराच वेळ ती ते हातात घेऊन बसली होती.

रानमोगरी, चौकोन सुरू केले आहेत.

---

नव्या_जर्सीतली · ९ ऑक्टोबर

बाहेरदेशी असलेल्यांसाठी सुयांच्या नंबरांचं सांगते, माझे तीन आठवडे त्यात गेले.

आईनं फोनवर माप दिलं होतं, "१० नंबरच्या सुया, ९० टाके, एक सुलट एक उलट दोन इंच." मी इथल्या दुकानातून १० नंबरच्या सुया आणल्या. टोपडं माझ्या डोक्यातून खाली गळ्यात आलं. आपल्याकडचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर जेवढा मोठा तेवढी सुई बारीक. आपली १० म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. इथे अमेरिकेत बरोबर उलट, इथली १० म्हणजे सहा मिलिमीटर. आपल्या १० ला इथे ३ मागावी लागते. नमुना लिहून देणाऱ्यांनी कृपया मिलिमीटर लिहा.

आणि आधी दहा सेंटिमीटरचा तुकडा विणून मोजा. माझा हात सैल, आईचा घट्ट, एकाच सुईवर आमच्यात टोपड्यामागे दोन इंचांचा फरक येतो.

---

मालवणीकाठ · १० ऑक्टोबर

आमच्याकडे लोकरीचं टोपडं दिलंत तर बाळाला घामोळं येईल. कोकणात, मुंबईत, गोव्यात सुतीच बरं. सुती धागा लोकरीसारखा ताणत नाही, शिवाय जड असतो, धुतल्यावर लांबतो. म्हणून सुती स्वेटर करू नका. सुती टोपडं, लाळेरं, तोंड पुसायचे चौकोन, दुधाच्या वेळी आईच्या खांद्यावर टाकायचा पट्टा, हे करा. लाळेरी मी एका बाळाला सात देते, वारांप्रमाणे. दात येताना दिवसाला चार लागतात, सातही कमी पडतात. मिल्क कॉटन नावानं मिळणाऱ्या धाग्यात अनेकदा अॅक्रिलिक मिसळलेलं असतं, पट्टी वाचून घ्या.

---

शिवणवही · १२ ऑक्टोबर

एक विचारू का? आमच्याकडे बाळ जन्मायच्या आधी त्याच्यासाठी नवं काही घरात आणत नाहीत. बाळाला पहिलं अंगडंही जुन्या मऊ धोतराचं किंवा साडीचं. मग तुम्ही आधी विणून कसं ठेवता?

---

आठनंबरी · १२ ऑक्टोबर

आमच्याकडेही तसंच आहे आणि मी ते मानते. आईची रीत अशी: सगळं विणायचं, पण एक बटण लावायचं ठेवायचं. दुपट्याचा एक चौकोन जोडायचा ठेवायचा. मग ते पुरं झालेलं नसतं. दवाखान्यातून फोन आला की सुई-दोरा घ्यायचा. माझ्या मुलाच्या वेळी तिनं ते बटण रात्री अडीच वाजता लावलं होतं.

---

ओंजळभर · १२ ऑक्टोबर

हे मी आजपासून करणार.

---

आठनंबरी · २१ डिसेंबर

मंडळी, नागपूरला मुलगी झाली. १४ तारखेला. बाळ-बाळंतीण सुखरूप.

आईचे पंधरा चौकोन जोडून झाले होते. सगळे सारखे नाहीत. सुरुवातीचे घट्ट, सोळा सेंटिमीटरचे, नंतरचे हात मोकळा झाल्यावर एकोणीसचे. जोडताना मला कडा ओढून घ्याव्या लागल्या, त्यामुळे दुपटं मधे थोडं फुगतं. मला एकदा वाटलं होतं, घट्ट चौकोन उसवून परत करू. केलं नाही. ती रोज दुपारी खिडकीशी बसायची आणि अंगठ्याचं नख त्या उंचवट्यांवरून फिरवत जायची, ओठ हलायचे. मी एकदा विचारलं, किती झाले? म्हणाली, "मोजत नाहीये गं, नावं आठवतेय." भाऊबहिणींची, त्यांच्या मुलांची, मग त्यांच्या मुलांची. घरातल्या सगळ्या बाळांची.

१४ तारखेला सकाळी फोन आला, आणि तिनं सोळावा चौकोन स्वतः जोडला. सुईत दोरा मी ओवून दिला.

भाचेसुनेला मी धुण्याची चिठ्ठी दिली आहे, आणि सिस्टरांचं झोपेचं सगळं सांगितलं आहे. नागपुरात रात्री चांगलीच थंडी आहे. दुपटं आत्तापर्यंत दोनदा मशीनमध्ये जाऊन आलंय असा निरोप आला.

---

एनआयसीयू_सिस्टर · २१ डिसेंबर

अभिनंदन पणजीबाईंचं. दोनदा धुतलं म्हणजे ते खरंच वापरात आहे.

---

पाचगणी_वळण · २२ डिसेंबर

डब्लिनचं काय ठरलं?

---

आठनंबरी · २२ डिसेंबर

४ प्लाय सुपरवॉश मेरिनो, सहा ते बारा महिन्यांच्या मापाचा समोरून उघडा स्वेटर. पुढचा ऑक्टोबर आला की घालेल. आणि लगेच वापरायला दोन जोड मोजे, एकरंगी. तुमच्या आत्यांना सांगून टाका हो. आम्ही विणणाऱ्या बायका यावरून रागवत नाही.

---

शिवणवही · ३ जानेवारी

मलाही मोजे करायचे आहेत, जावेच्या मुलासाठी. मी फक्त सुलट-उलट शिकले आहे, टाच जमत नाही. सोपा प्रकार आहे का? आणि बाळ लाथा मारून मोजे काढून टाकतं, त्यावर काही उपाय?

---

आठनंबरी · ३ जानेवारी

टाच करूच नका. बिनटाचेचा मोजा पाय वाढला तरी पुरतो. १० नंबरच्या सुया, सव्वातीन मिलिमीटर, ३६ टाके. सुरुवातीपासून दोन सुलट दोन उलट, पूर्ण मोजाभर. ही वीण रबरासारखी धरून राहते, म्हणून लवकर निघत नाही. पोटरीपर्यंत येऊ द्या, आखूड मोजाच लाथेनं निघतो. १३ सेंटिमीटर झालं की पुढच्या ओळीत दोन-दोन टाके एकत्र विणा, १८ उरतील. पुढची ओळ साधी. मग पुन्हा दोन-दोन एकत्र, ९ उरतील. आता सुईवरचे टाके बंद न करता धागा हातभर ठेवून तोडा, मोठ्या सुईत ओवून त्या ९ टाक्यांतून फिरवा आणि ओढून घ्या. त्याच धाग्यानं बाजू शिवत वर या.

उरलेलं टोक कापू नका. आतल्या बाजूनं विणीत चार-पाच सेंटिमीटर लपवा, एकदा उलट दिशेनंही घ्या म्हणजे निसटत नाही. मग मोजा उलटा करा आणि आपली करंगळी आत घालून सगळीकडे फिरवून बघा, कुठे अडकते का.